घरचं उदाहरण

४ मार्च

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. उलट बातमी चांगली आहे. रेडिओवाल्यांनी माझा कार्यक्रम अजून वर्षभर चालू ठेवायचं ठरवलंय. दर रविवारी सकाळी अर्धा तास, तत्त्वज्ञानाचा एक जुना ग्रंथ आणि त्यातली एकच गोष्ट. नाव तेच, 'सोपं करून सांगतो'. बाबा जेवताना आपल्याला एकेक उतारा वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, आता हे शेजाऱ्यांना कळेल असं सांगा. त्याच भांडवलावर माझं दुकान चाललंय, हे मी कुणापासून लपवत नाही.

अडचण एकच आहे. आमची निर्माती म्हणते, तुम्ही विचार छान सांगता, पण उदाहरणं फळ्यावर लिहिलेली वाटतात. तिचंही खोटं नाही. मी इथे एकटा. दोन खोल्या, बाहेरचं जेवण, स्टुडिओ, झोप. माझ्या आयुष्यात उदाहरणं येणार कुठून? तुझ्याकडे मात्र अख्खं घर आहे. अधूनमधून एखादं घरचं उदाहरण लिहून पाठवशील का? फोनवर नको, फोनवर ऐकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. शिवाय पत्र असलं की माइकपुढे कागदाची सळसळ होते, ती लोकांना आवडते.

पुढचा विषय बदल. जहाजाची एकेक फळी बदलत गेलो आणि शेवटी जुनी एकही उरली नाही, तर जहाज तेच की दुसरं? आठवतंय ना? तू 'दुसरं' म्हणाली होतीस आणि बराच वेळ भांडली होतीस. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघून 'तेच' म्हणालो आणि शाबासकी मिळवली.

बाबा कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
पोपट

१५ मार्च

प्रिय पोपट,

अभिनंदन. आई गेल्यानंतर तू आपणहून लिहिलेलं हे पहिलं पत्र, आणि तेही काम निघालं म्हणून. असो, निघालं हेच खूप झालं.

फोन नको म्हणालास ते बरं केलंस. घरातला फोन मी काढूनच टाकलाय. घंटा वाजली की बाबा घाबरून खुर्चीतून टेबलाखाली शिरायला बघायचे. आणि माझ्या मोबाइलवर तू दुसऱ्या वाक्याला 'ऐक ना, नंतर करतो' म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

आता तुझं उदाहरण. आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे एक निवृत्त न्यायाधीश येतात. सगळे दात गेलेले. त्यांची कवळी मी केली. मापं चोख, रंगसुद्धा जुन्या फोटोवरून जुळवलेला. त्यांनी ती बसवली, आरशात पाहिलं आणि म्हणाले, हा मी नव्हे, हा कुणीतरी सदा खूश असणारा गृहस्थ आहे. मग मी पुढचा एक दात काढून पुन्हा जरा तिरका बसवला, त्यांचा पूर्वी होता तसा. पुन्हा आरसा. आता ठीक, म्हणाले, आता निकाल द्यायला हरकत नाही. तुझ्या जहाजवाल्यांना सांग की फळ्या बदलून जहाज बदलत नाही, वाकडी फळी कुणी सरळ केली की बदलतं.

बाबा बरे आहेत, म्हणजे शरीराने. चालणं जवळजवळ थांबलंय. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, सगळीकडे उचलून न्यावं लागतं. आयुष्यभर मुलांना तत्त्वज्ञान शिकवलं, आता चमचा कशासाठी असतो ते रोज नव्याने सांगावं लागतं. पण रविवारी तुझा आवाज आला की खुर्चीत ताठ बसतात. 'माझा मुलगा बोलतोय,' म्हणतात. मधूनमधून 'बरोबर' म्हणतात, एकदोनदा 'चूक'. कार्यक्रम संपल्यावर थोडा वेळ इतके शांत असतात की त्यांना आंघोळ घालता येते. म्हणजे तुझ्या तत्त्वज्ञानाचा घरात एक तरी उपयोग आहे.

उजवा खांदा जरा धरलाय, म्हणून अक्षर असं आलंय. बाकी माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ताई

२ एप्रिल

प्रिय ताई,

न्यायाधीशांनी मैफल लुटली. निर्माती तर म्हणाली की तुमच्या बहिणीलाच खुर्चीत बसवू आणि तुम्हाला घरी पाठवू. मी हसलो, पण जरा झोंबलंच. पत्रांचा ढीग पडलाय. एका श्रोत्याने लिहिलंय की त्याने बायकोचा तिरका दात सरळ करायचं रद्द केलं.

आता पुढचा ग्रंथ. हा अगदी हातात मावेल एवढा आहे, बाबा प्रवासात खिशात ठेवायचे तो. त्याचं म्हणणं इतकंच की जगातल्या गोष्टींचे दोन ढीग करा. एका ढिगात आपल्या मनाचं सगळं, म्हणजे काय वाटून घ्यायचं, काय करायचं, काय नाही. दुसऱ्यात उरलेलं जग, म्हणजे शरीर, नाव, नातेवाईक, हवा. पहिल्या ढिगाची काळजी घ्या, दुसऱ्याचं जे होईल ते होऊ द्या. सांगायला सोपं, पण उदाहरणाशिवाय ते बँकेच्या कॅलेंडरवरचं वाक्य वाटतं. तेव्हा काहीतरी पाठव. थोडं हळवं असलं तरी चालेल, लोक रविवारी हळवे असतात.

आणि बाबा माझ्या नेमक्या कोणत्या वाक्याला 'चूक' म्हणाले, ते आठवून लिही. मी गमतीने विचारत नाही.

पोपट

२० एप्रिल

प्रिय पोपट,

तू म्हणालास, 'शहाण्या माणसाला कुणाची गरज लागत नाही.' तिथे म्हणाले. त्या वेळी मी त्यांच्या पायात मोजे घालत होते.

उदाहरण देते. तुमच्या पुस्तकांत 'एक मनुष्य' असतो, तशी ही 'एक स्त्री' आहे असं समज. ती आपल्या म्हाताऱ्या वडिलांना दिवसातून कितीतरी वेळा उचलते. तिचं कामही हाताचंच आहे, बारीक, कोरायचं आणि घासायचं. एके दिवशी वडील न्हाणीघरात घसरतात, ती त्यांना वरच्यावर झेलते आणि तिच्या खांद्यात काहीतरी कापड फाटल्यासारखं होतं. त्यानंतर हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायला ती टेबलावर डोकं टेकते. डॉक्टर फोटो काढतात आणि म्हणतात, आतला स्नायू फाटलाय, शिवावा लागेल, लवकर शिवला तर शिवला जाईल, उशीर झाला तर आखडून बसेल. शिवल्यावर दीड महिना एक पातेलंसुद्धा उचलायचं नाही.

या स्त्रीला एक भाऊ आहे. तो लांब राहतो. तिने वडिलांना एकदा वृद्धाश्रमात ठेवून पाहिलं होतं, त्यांनी ओरडून ओरडून दुसऱ्याच दिवशी परत घरी आणायला लावलं. माणूस ठेवला, तर बाबा त्याला चावले.

तर तुझ्या दोन ढिगांपैकी तिचा खांदा कोणत्या ढिगात टाकायचा? आणि भाऊ कोणत्या? तिने भावाला स्पष्ट लिहावं, की त्याचं त्याला कळेपर्यंत थांबावं? तुझा ग्रंथ काय म्हणतो ते मला खरंच हवंय.

ताई

११ मे

प्रिय ताई,

तू इतकी वर्षं कवळ्या करण्यात फुकट घालवलीस. हे उदाहरण म्हणजे कमाल आहे. टेबलावर डोकं टेकून केस विंचरणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. 'बाबा त्याला चावले' तर कुणाला सुचलं नसतं. काचेपलीकडे निर्माती डोळे पुसत होती, आणि ती पगाराच्या दिवशीसुद्धा हसत नाही अशी बाई आहे.

थोडे बदल केले, रागावू नकोस. भाऊ काढून टाकला. तो आला की ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडेच जातं, लोक त्याला शिव्या घालत बसतात आणि मुद्दा बाजूला राहतो. शेवटही जरा उचलला. मी असं केलं की त्या स्त्रीला एका सकाळी उमगतं की खांदा तिचा नव्हताच कधी, तिचं होतं ते फक्त उचलणं. आणि ती उचलत राहते. ग्रंथाच्या गाभ्याला हे अगदी धरून आहे. आता जो तो मला विचारतो, ती बाई खरी आहे का? मी म्हणतो, ती प्रत्येक घरात असते.

बाबांनी काय म्हटलं या वेळी? 'बरोबर' म्हणाले असतील अशी माझी खात्री आहे.

पोपट

१६ मे

पोपट,

ती स्त्री मी आहे.

मला वाटलं होतं तू पहिल्या चार ओळींत ओळखशील. वाटलं, 'कवळ्या' लिहायचंच काय ते बाकी ठेवलंय. तुझा कार्यक्रम मी ऐकला. माझा खांदा माझा नव्हताच, हे मी बाबांना एका हाताने धरून, दुसरा त्यांच्या पलंगाच्या कठड्यावर टेकवून ऐकलं. बाबा काहीच म्हणाले नाहीत, त्यांना खोकला आला होता. आणि तू भाऊ काढून टाकलास. पोपट, इतकं बेमालूम काम मलासुद्धा जमत नाही.

आता उदाहरण नाही, सरळ लिहिते. २० जुलैला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. त्यानंतर दीड महिना मी बाबांना उचलू शकणार नाही. कुणीतरी इथे राहायला हवं, आणि ते कुणीतरी तू आहेस, कारण बाबा ज्याच्या आवाजाला शांत होतात असा या जगात एकच माणूस उरलाय. समोरच्या बिऱ्हाडातल्या नर्सकाकू मी कामावर असते तेवढा वेळ बसतात, पण त्याहून जास्त नाही, त्यांच्या पाळ्या असतात. खर्चाचं मी बघते. मला तुझे हात हवेत, दुसरं काही नको.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. तू शिकायला गेलास तेव्हा, तिथेच राहिलास तेव्हा, आईच्या आजारपणात दोन दिवस येऊन परत गेलास तेव्हासुद्धा मी मूग गिळून बसले. आता मागते आहे. हात गेला तर माझं काम जातं, आणि कामाच्या चार तासांतच मी या घरात माणूस असते. मला भीती वाटते आहे.

येतोस का, एवढंच लिही.

ताई

९ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी दोन रविवार बोललो ते कसं बोललो मलाच माहीत. लाज वाटली. मला खरंच कळलं नाही, ताई. तू इतकं चांगलं लिहिलं होतंस की मला ते लिहिलेलंच वाटलं.

येतो. १८ जुलैला दुपारपर्यंत पोचतो. पुढच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण आधीच करून ठेवायला सांगितलंय. बाबांना कसं उचलायचं ते तू एकदा दाखव. घरात गेल्यावर आधी काय बोलायचं, त्यांना मी समोर दिसलो की कसं होईल, याचाच विचार डोक्यात असतो. तू निर्धास्त राहा.

पोपट

१६ जुलै

प्रिय ताई,

हे पत्र घाईत लिहितोय आणि सोबतचं पाकीट जपून उघड. रेडिओने अचानक मोठ्या सभागृहात श्रोत्यांसमोर कार्यक्रम ठरवलाय, तिकिटं संपलीसुद्धा. निर्माती म्हणते, आता तुम्ही गेलात तर वर्षभराची गाडी रुळावरून उतरते. मी खूप भांडलो. शेवटी माझ्या हातात नव्हतं.

पण मी नुसती वेळ मारून नेत नाहीये. पाकिटात पेन ड्राइव्ह आहे, त्यावर आजवरचे सगळे कार्यक्रम घातलेत. शिवाय खास बाबांसाठी दोन रात्री बसून नवीन बोललोय: 'बाबा, आता जेवून घ्या', 'बाबा, आता पाय खाली सोडा', असं सगळं. तूच लिहिलं होतंस की ते माझ्या आवाजाने शांत होतात. एखादा चांगला माणूस ठेव, त्याला हे लावायला सांग, आणि तू बिनघोर जा. विचार केलास तर मी येण्याहून हे जास्त उपयोगाचं आहे. मी आलो असतो तर चोवीस तास थोडाच बोललो असतो?

खूप खूप काळजी घे.

पोपट

२ ऑगस्ट

पोपट,

१८ तारखेला मी बाबांची दाढी केली. एका हाताने करायला वेळ लागतो, पण गुळगुळीत केली. त्यांना पांढरा सदरा घातला, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. माझी पिशवी भरलेली होती. सकाळभर त्यांना सांगत होते, आज तुमचा मुलगा येणार. त्यांना कळलं की नाही कोण जाणे, पण दार वाजलं तेव्हा ते हसले. दारात टपालवाला होता.

शस्त्रक्रिया झाली नाही. तुझं पाकीट हातात घेऊन एका दिवसात मी माणूस कुठून उभा करणार होते? डॉक्टर त्यानंतर रजेवर गेले, आता सप्टेंबरशिवाय तारीख नाही.

आणि आता सगळ्यात वाईट ऐक. तुझी युक्ती चालली. मी संतापाने ते लावलंच नव्हतं. चौथ्या दिवशी बाबा जेवेनात म्हणून लावलं. 'बाबा, आता जेवून घ्या,' तू म्हणालास आणि त्यांनी तोंड उघडलं. आता ते सगळं तुझ्या सांगण्यावरून करतात. मी वाकून, घामाघूम होऊन त्यांना उचलते, तू भिंतीजवळच्या कपाटावरून 'पाय खाली सोडा' म्हणतोस आणि ते तुला म्हणतात, 'शहाणा आहेस रे.' न येता तुझं काम झालं, पोपट. काखा वर करायलासुद्धा खांदे धड लागतात, माझं तेही जमत नाही.

तुमच्या एका जाड ग्रंथात म्हटलंय ना, काही करण्याआधी विचारावं की सगळ्यांनीच असं केलं तर चालेल का? बाबा जेवताना हा प्रश्न नेहमी तुला विचारायचे, मला नाही. मी विचारते आता. सगळ्यांनीच आवाज पाठवले तर उचलायचं कुणी?

ताई

५ सप्टेंबर

पोपट,

माझ्या मागच्या पत्राला उत्तर आलं नाही, तेव्हा हे विचारण्यासाठी लिहीत नाही, कळवण्यासाठी लिहिते आहे.

येत्या १५ ला सकाळी मी दवाखान्यात दाखल होणार. पिशवी भरली आहे. किल्ली नर्सकाकूंकडे असेल. त्या रात्रपाळी करून आल्यावर दुपारपर्यंत बाबांजवळ बसतील, त्यानंतर त्यांना झोपायला हवं. दुपारनंतर घरात बाबा असतील आणि तू असशील, किंवा नुसते बाबा असतील. दोन ढीग कर आणि काय ते ठरव.

औषधं शेगडीच्या वरच्या फळीवर आहेत. न्हाणीघरात त्यांना समोरून नाही, बगलेतून धरायचं.

ताई

१९ सप्टेंबर

प्रिय ताई,

मी आलोय, हे नर्सकाकूंनी तुला सांगितलंच असेल. त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीला भेटायला परवानगी आहे, पण 'भावाला नको म्हणाल्या आहेत'. म्हणून हे त्यांच्याच हाती पाठवतो.

मला काय वाटलं होतं ते आधी सांगतो, तू हस. मला वाटलं होतं मी दारातून 'बाबा' म्हणेन आणि ते ताठ बसतील. मी म्हटलं. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, 'डॉक्टर का?' मी म्हटलं, मी तुमचा मुलगा. त्यांनी मान हलवली, जशी आपण विक्रेत्याला हलवतो.

दुपारी जेवेनात, म्हणून तुझ्यासारखंच मी कपाटावरचं ते यंत्र लावलं. 'शहाण्या माणसाला कुणाची गरज लागत नाही' असं त्या यंत्रातला मी बोलत होतो, आणि मलाही काय सुचलं, मी समोर बसून तेच वाक्य यंत्राबरोबर म्हणू लागलो, तसाच आवाज, तेच थांबे. म्हटलं आता तरी त्यांना कळेल. तर बाबा चिडले. 'मध्ये बोलू नका,' म्हणाले, 'माझा मुलगा बोलतोय.' मी म्हटलं, बाबा, तो मीच. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, 'नाही हो. तो फार मोठा माणूस आहे. तो असा येत नसतो.'

मी यंत्र बंद केलं, तर ते लहान मुलासारखे रडायला लागले. मग पुन्हा लावलं. आपलाच आवाज लावून मी त्यांना चमच्याने भरवत होतो आणि बोलायची सोय नव्हती. ताई, इतकं एकटं मला कधी वाटलं नाही. माझी पाठ धरली आहे, काल न्हाणीघरात आम्ही दोघं भिंतीला टेकून खाली बसलो आणि नर्सकाकू येईपर्यंत तिथेच होतो. हे तू रोज कसं केलंस?

आणि एक विचारायचं आहे. बाबा दिवसभर दाराकडे बघतात आणि 'ती बाई कुठे गेली' म्हणतात. मी विचारलं, कोण बाई? तर म्हणाले, 'कामाला आहे ती. चांगली आहे. पगार वाढवून द्या तिला, अगदी मुलीसारखं करते.' मी त्यांना म्हटलं, अहो, ती तुमची मुलगीच. ते म्हणाले, 'मला मुलगी नाही. मुलगा आहे.' तू हे मला कधीच लिहिलं नाहीस. ते तुला केव्हापासून ओळखत नाहीत? मी समजत होतो की माझा आवाज ही वरची चैन आहे, तुला तर ते ओळखतातच.

पण आनंदाचीही गोष्ट आहेच ना ही? ते तुझीच वाट बघतात. माझ्या हातचं त्यांना नको, त्या बाईच्या हातचं हवं. मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कसंही रेटतो, मग मात्र कार्यक्रम आहे. तोवर तुझा हात जरा तरी चालायला लागेल. सध्या ते दर थोड्या वेळाने विचारतात, ती बाई कधी येणार. मी काय सांगू त्यांना?

तुझा,
पोपट

२४ सप्टेंबर

पोपट,

डाव्या हाताने लिहिते आहे, लावून घे.

डॉक्टरांनी आत उघडून पाहिलं. स्नायू आखडून इतका मागे गेलाय की टोकं जुळेनात. जेवढं शिवता आलं तेवढं शिवलं. हात छातीपर्यंत येईल, त्याच्या वर नाही, आणि बारीक कामाची पकड परत येणार नाही. जुलैत आला असतात तर जुळलं असतं, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस का थांबलात? मी म्हटलं, घरात तत्त्वज्ञान चालू होतं. त्यांना वाटलं भूल अजून उतरलेली नाही.

बाबा मला केव्हापासून ओळखत नाहीत? आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास एका सकाळी त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, छान आहे, किती दिवस राहणार? तुला लिहिलं नाही, कारण मला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तू तिथे समजत होतास की निदान मला तरी ते ओळखतात. तुझ्या डोक्यात का होईना, कुठेतरी मी त्यांची मुलगी होते. आता तेही गेलं. 'मुलीसारखं करते' हे मी दोनदा वाचलं. मला ते फार लागलं, पोपट. ओठ दाबून लपवण्याचं वय गेलं, म्हणून लिहिते, मी वॉर्डात सगळ्यांसमोर रडले.

उद्या मला घरी सोडतात. मी घरी येणार नाही. दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यामागची खोली दिली आहे आणि दातांचे रंग जुळवायचं काम देतो म्हणालेत, त्याला डोळे पुरतात. पत्ता नर्सकाकूंना ठाऊक आहे, त्या तुला सांगणार नाहीत. ऑक्टोबरचं तुझं तू बघ. तू मला तुझ्या कार्यक्रमात शेवटपर्यंत उचलायला लावलंस, खऱ्यात मी इथे थांबते आहे. बाबांवर माझा राग नाही. त्यांना रात्री पाय दाबून लागतात, तेवढं विसरू नकोस.

ते विचारतात, ती बाई कधी येणार, आणि तू विचारतोस, काय सांगू. सांग, तिने काम सोडलं.